जावईबापूंच्या घड्याळाच्या चार कड्या

एका जंगलात, बाळांनो, दामोदरराव नावाचं अस्वल राहत होतं. जंगल काही फार लांब नव्हतं. तुमच्या सोसायटीसारखंच होतं, फक्त झाडं अजून तोडायची राहिली होती.

दामोदररावांना सगळं येत असे. म्हणजे त्यांनी कधी काही करून पाहिलं नव्हतं, त्यामुळे येत नाही असं सिद्धही झालं नव्हतं.

मी त्यांच्या समोरच्या उंबरात राहते. दुसऱ्याच्या घरात डोकवायची मला सवय नाही. पण त्यांची गुहा माझ्याच दाराकडे तोंड करून बसलीय, त्याला मी काय करणार?

तर दामोदररावांना एक मुलगी होती, कल्याणी. गुणाची पोर. पण तिची दोन स्थळं मोडली होती. पहिलं मोडलं, कारण मुलाच्या मामाला दिलेला नारळ लहान निघाला. दुसरं मोडलं, कारण मुलाच्या आत्याला मधाचं पोळं कडेनं वाळलेलं वाटलं. तिसरं स्थळ अविनाशचं. हा मात्र कल्याणीला मनापासून आवडला होता. साखरपुडा उद्यावर आला होता. एवढा एक दिवस मानपानात काही चुकू नये, म्हणून पोरगी सकाळपासून जेवली नव्हती.

त्या जंगलात साखरपुड्याला सासरे जावयाच्या मनगटावर घड्याळ बांधत. अस्वलाला कुठे वेळेवर जायचं असतं, असं विचारू नका. पद्धत होती.

दामोदररावांनी घड्याळ आणलं. चकाकती स्टीलची चेन. पण चेन लांब होती. चार कड्या काढायला हव्या होत्या, की दोन, की एकही नाही, ते मनगट पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं.

त्यांची बायको सुमनबाई म्हणाल्या, "अहो, अण्णा मुंगूस आहेत ना चिंचेखाली. घड्याळंच दुरुस्त करतात. त्यांच्याकडे द्या."

दामोदरराव म्हणाले, "चार कड्या काढायला अण्णा कशाला? मी बसलोय ना इथे."

"बसलायत खरे. पण निदान मुलाकडे फोन करून मनगटाचं माप तरी विचारा."

"मुलीच्या बापानं मुलाचं मनगट विचारायचं? काय म्हणतील ते लोक? यांना साधा अंदाज नाही म्हणतील. आणि माप कशाला हवंय? छत्तीसपैकी एकतीस गुण जुळलेत दोघांचे. मनगट जुळत नसेल होय? कल्याणी, हात कर पुढे."

असं, बाळांनो, नवऱ्या मुलाच्या घड्याळाचं माप नवरीच्या मनगटावर घेतलं गेलं. सकाळपासून पोटात अन्न नसलेल्या मुलीच्या.

"चार कड्या जास्त आहेत," दामोदरराव म्हणाले. बघा, अंदाज होता की नाही त्यांना.

मग त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ लावला. पलीकडच्या जंगलातलं एक माकड सांगत होतं, "मित्रांनो, अगदी सोपं काम आहे. चेनच्या आतल्या बाजूला बारीक बाण कोरलेले असतात. पिन त्या बाणाच्याच दिशेनं—"

दामोदररावांनी बोटानं तेवढा भाग पुढे ढकलला. "बाणांचं शिकाऱ्यांनी बघावं. आपल्याला काय करायचंय?"

तेवढ्यात शेजारचे मनोहरपंत साळिंदर आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. चांगला शेजारी बोलावण्याची वाट बघत नाही. मी तर आधीपासूनच येऊन बसले होते.

"पिन ढकलायला काही बारीक हवं," मनोहरपंत म्हणाले. "माझा काटा घ्या. वंशपरंपरागत माल आहे."

एक काटा मोडला. दुसरा मोडला. तिसरा उपटताना मनोहरपंत जरा दचकले, पण तोंडानं म्हणाले, "होतंय, होतंय. उलट्या बाजूनं ठोका."

उलट्याच बाजूनं चाललं होतं. आता जोरात चाललं. सुमनबाईंच्या खलातला बत्ता आला. चटणी अर्धी राहिली. ठोक, ठोक, ठोक. पिना वाकल्या, चेनवर ओरखडे उठले, आणि शेवटी चार कड्या सुटल्या. चारही एकाच बाजूच्या. त्यामुळे चेनचं लॉक मनगटाखाली यायचं ते करंगळीकडे जाऊन बसलं.

कल्याणी म्हणाली, "बाबा, अजूनही अण्णांकडे जाऊन येते मी. दोन मिनिटांचं काम आहे म्हणतात ते."

"दोन मिनिटांत होतं ते काय काम असतं? इथे चार तास घातलेत मी," दामोदरराव म्हणाले.

पोरगी मोडलेले काटे गोळा करायला लागली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. अविनाश आला. बाळांनो, अविनाश म्हणजे भरलेलं अस्वल. त्याचं मनगट कल्याणीच्या मांडीएवढं. मी आधी मनगटाकडे बघितलं, मग कल्याणीकडे. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि अस्वलाचा चेहरा पांढरा पडणं म्हणजे थट्टा नव्हे.

दामोदररावांनी घड्याळ चढवलं. लॉकची दोन टोकं एकमेकांकडे लांबूनच बघत राहिली.

"जरा मूठ आवळा, जावईबापू."

अविनाशनं मूठ आवळली. एका बाजूनं कल्याणीच्या मामांनी ओढलं, दुसऱ्या बाजूनं मनोहरपंतांनी. दामोदरराव मधे दोन्ही हातांनी दाबत होते. कट् असा आवाज झाला. लॉक लागलं, आणि तिरकं होऊन तिथेच अडकलं. चेनमध्ये मूठभर केस गेले.

मांडवातले सगळे अविनाशच्या आईकडे बघायला लागले. नारळावरून मोडतं तिथे हे तर मनगट होतं.

अविनाशच्या आईनं विचारलं, "घट्ट होतंय का रे?"

अविनाशच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानं कल्याणीकडे बघितलं. "नाही आई. छान आहे."

दामोदरराव खूश होऊन म्हणाले, "किती वाजले, जावईबापू?"

डायल कुठल्या कुठे सरकली होती. अविनाश म्हणाला, "शुभ वेळ आहे, बाबा."

साखरपुडा पार पडला. संध्याकाळपर्यंत जावयाचा पंजा फणसाएवढा झाला. चेन कापायला अण्णा मुंगूस पक्कड घेऊन धावत आले. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना दारातच अडवलं. सासऱ्यानं बांधलेलं घड्याळ लग्नाआधी कापायचं? अपशकुन नाही का तो? अण्णांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि पक्कड पिशवीत टाकली.

मागच्या अंगणात कल्याणीनं हळूच विचारलं, "खूप दुखतंय का हो?"

"सकाळी दुखत होतं," अविनाश म्हणाला. "आता हात आहे की नाही तेच कळत नाही. पण लग्न तर मोडलं नाही ना?"

"नाही," कल्याणी म्हणाली, आणि त्याच्या पंजावर फुंकर घालत बसली. मी तिथून निघून आले. सगळंच बघायचं नसतं.

पंधरा दिवसांनी लग्न लागलं. अविनाशनं हार एकाच हातानं घातला, कारण दुसरा उचलत नव्हता. अविनाशची आई सगळ्यांना सांगत होती, "आमचा मुलगा फार सोशीक." सुमनबाई म्हणाल्या, "हात सुजला, पण पोरानं चकार शब्द काढला नाही. असा जावई शोधून मिळत नाही."

बाकीच्या मुलींच्या बापांनी हे ऐकलं आणि ते विचारात पडले.

आता त्या जंगलात प्रत्येक साखरपुड्याआधी चार कड्या काढतात. मनगट कुणी बघत नाही. लॉक जागच्या जागी बसलं, तर मुलाकडचे नाराज होतात. ज्याचा पंजा सुजतो तो कुलीन, आणि जो घट्ट आहे म्हणतो त्याचं स्थळ मोडतं. कड्या कशा काढाव्यात ते दामोदरराव शिकवतात. गेल्या महिन्यात त्यांचा सत्कार झाला. शाल अण्णा मुंगसांच्या हस्ते दिली.

तात्पर्य: बाळांनो, जे काम आपल्याला येत नाही ते घरीच करावं, आणि जोरात करावं. बिघडलं तर घाबरू नये. चार वडीलधारी बोलावून ते तसंच रेटावं; थोड्या दिवसांत त्यालाच रीत म्हणतात. ज्याचा हात सुजला त्याला मात्र सगळ्यांसमोर जरूर विचारावं. तो छानच म्हणतो.