खारबावातला पहिला व्हिला

वास्तुशांत उद्यावर आली होती, तीनशे पानं उठायची होती, आणि केसरीनाथ मान वर करून नव्या बंगल्याच्या पाटीकडे बघत होता. 'केसरीनाथ व्हिला'. धामणकर नाक्यावरून संगमरवरात सोनेरी अक्षरं खोदून आणलेली. खारबावात व्हिला पहिलाच.

"काका, व्हिला मूळचा लॅटिन शब्द," इंग्रजीत एमए करणारी पुतणी सुकन्या म्हणाली. "मालकाचं शेतावरचं घर. तिथं राबणारा तो व्हिलानुस. मालक लोक त्याला हलकट, लबाड समजायचे. त्यातनंच पुढं इंग्रजीत व्हिलन आला."

केसरीनाथचं डोकं सटकलं. त्याचा बाप महादू उभा जन्म मालकाच्या भातशेतीत राबला होता.

"मंजे माजा बापूस व्हिलन? आन् त्याच्याच पोराच्या दारावं ही पाटी? देवू! काड ती!"

गवंडी देवू सकाळपासून उपाशीपोटी पाटी बसवून आत्ता कुठे हात धूत होता. "शेठ, केमिकल धरलाय. आता काडली तं लादी बी येल."

"येऊ दे!"

लादी आली. इटालियन होती. तिच्यामागच्या वायरी उपटून एकमेकींना चिकटल्या आणि दारावरच्या बेलमधली चिमणी जी ओरडायला लागली, ती थांबेचना. दचकून देवूचा हात सुटला आणि पाटीचे दोन तुकडे झाले.

केसरीनाथच्या अंगाची लाहीलाही झाली. लॅटिन काही हाताशी नव्हतं, आणि पुतणी भावाची होती. उरला देवू.

"हलकटा! लबाडा! कामचोर मेल्या! सगली वाट लावलीस!"

देवू खाली मान घालून तुकडे गोळा करू लागला. राग त्यालाही आला होता. तो त्यानं तुकडे आपटून काढला.

मघापासून आतून सगळं ऐकत असलेली केसरीनाथची आई, गुणाबाई, बाहेर आली.

"वरडू नको. तुज्या बापाला मालक हेच बोलायचा. हलकटा, लबाडा. तो पन उपाशीच असायचा." मग ती सुकन्याकडे वळली. "पोरी, तुजा तो शब्द असाच झाला ना?"

सुकन्यानं मान डोलावली.

केसरीनाथचा चेहरा उतरला, पण आवाज काही उतरेना. चिमणीच्या वर सूर लावून तो खेकसला, "देवू! जेवलास का रं?"

देवू दोन पावलं मागं सरला. सकाळपासून शिव्या बऱ्याच खाल्ल्या होत्या, पण ही त्याला नवीन होती.