शालीखालचा रिमोट

उदगीरकडच्या आमच्या गावात नळयोजना पूर्ण झाली होती. फक्त पाणी आणि फोटो बाकी होता. त्यांपैकी फोटो आवश्यक होता. वाहत्या नळाशेजारी पाणी समितीचे सर्व सदस्य दिसावेत आणि फोटो समितीच्याच सदस्यानं काढावा, असा वरून आदेश होता. काढणारा फोटोत कसा येणार, हे वरच्यांनी कळवलं नव्हतं. सगळं त्यांनीच कळवायचं तर समिती कशाला?

विहीर कोरडी होती. म्हणून फोटो जमेपर्यंत दर गुरुवारी टँकरनं टाकी भरून नळ सोडावा, असा ठराव झाला. नळासमोरच दानम्माचं घर. गुडघे धरलेली ही म्हातारी एरवी माळावरच्या हापशावरून पाणी आणायची. पहिल्या गुरुवारी तिनं घरातली वाटीसुद्धा भरून ठेवली.

सचिव आनंदराज यांनी लातूरहून कॅमेऱ्याला जोडायचं वायरचं बटण आणलं. अध्यक्ष बसवंतराव खूश झाले. "वायरच बरी. कुणाच्या हातात हाय ते दिसतं तरी. बिनवायरचं काय, कुणीबी दाबंल."

पण वायर होती हातभर. तेवढ्या अंतरात सगळी समिती कॅमेऱ्याला चिकटून बसली. फोटोत अध्यक्षांचं नाक आलं, नळ आला नाही. फोटो नामंजूर.

मग बिनवायरचा रिमोट आला आणि तो कोणी दाबायचा हा प्रश्न उभा राहिला. फीत कापायचा मान असतो, नारळ फोडायचा असतो, मग बटणाचा का नसावा? वाद मिटेपर्यंत काही गुरुवार गेले आणि दानम्माच्या घागरी भरत राहिल्या. अखेर मान अध्यक्षांना मिळाला. मान घ्यायचा म्हणजे आधी सत्कार आला. फेटा झाला, हार झाला, शाल झाली. अंगभर शाल, शालीखाली हात, हातात रिमोट. टीव्हीच्या रिमोटसारखंच त्यालाही समोर मोकळं लागतं. कॅमेरा ढिम्म.

"साहेब, शाल जरा..." म्हणत आनंदराज उठले आणि तसेच बसले. सत्काराची शाल उतरवायला सांगणं म्हणजे अविश्वासाचा ठरावच. त्यांनी रिमोटचे सेल बदलले. पुढच्या गुरुवारी कॅमेऱ्याला हार घातला.

एका गुरुवारी वाऱ्यानं शाल उडाली आणि कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकला. नळाशी बसलेल्या दानम्माला सगळं उमगलं. ती लगबगीनं पुढं आली आणि अध्यक्षांची शाल दोन्ही हातांनी सारखी करू लागली.

"आप्पा, शालीबिगर तुमी लई उघडे दिसता."

"हाव, ते बी खरं हाय," अध्यक्ष म्हणाले. तेवढ्यात फोटो निघाला. त्यात फक्त दानम्माची पाठ आली. नामंजूर.

तेव्हापासून दर गुरुवारी शाल तीच सारखी करायची. समितीला वाटलं, बाईला अध्यक्षांबद्दल केवढा आदर.

मग एप्रिल लागला. हापसा आटला. आता दानम्माचा सगळा भरवसा गुरुवारवर. तिनं घागर नळाखाली लावली आणि शाल सारखी करायला आली, तर अध्यक्ष घामानं निथळत होते.

"लई उकडायलंय. धर गं अक्का," म्हणत त्यांनी शाल काढून तिच्याच हातात दिली आणि बटण दाबलं. फोटो निघाला. टाळ्या वाजल्या. कोणीतरी लगेच नळ बंद केला. घागर अर्धीच होती.

"साहेब, अजून एक काढा की," दानम्मा आनंदराजांना म्हणाली. "माझे डोळे मिटले आसतील."

त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. "न्हाई मावशी, उघडे हायेत. झकास आलाय."

फोटो मंजूर झाला, योजना यशस्वी ठरली, गुरुवार बंद झाले. फोटो तुमच्याही मोबाईलवर आला असेल. तुम्ही त्याखाली अंगठा दिलात आणि अध्यक्षांच्या हातातला रिमोट वायरचा की बिनवायरचा, एवढं विचारलंत. डाव्या कडेला शाल धरून एक म्हातारी उभी होती. तिचाच सत्कार झाला असं समजून तुम्ही तिचं अभिनंदनही केलंत.