बादलीतला पुरावा

"सगळ्यात वरची ओळ वाचा," चष्मेवाला म्हणाला.

"कुठली ओळ?" खुर्चीतल्या आजोबांनी विचारलं.

"समोरच्या पाटीवरची."

"कुठली पाटी?"

चष्मेवाल्यानं सुस्कारा सोडून जाड भिंग शोधायला घेतलं, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे त्याचा मित्र होता, पाणीपुरवठा कचेरीतला हेडक्लार्क. गेली बारा वर्षं हा हेडक्लार्क, चष्मेवाला आणि मोटार चालवायला शिकवणारा ब्रेकमास्तर असे तिघं रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारत. या बारा वर्षांत हेडक्लार्क कधी कुजबुजल्याचं चष्मेवाल्याला आठवत नव्हतं. आज तो कुजबुजत होता.

"ऐक, मध्ये बोलू नकोस. आत्ताच्या आत्ता माझ्या घरी जा. किल्ली चौकटीवर आहे. आतल्या खोलीतल्या कपाटावर, गाद्यांच्या मागे एक निळी पिशवी आहे. ती तिथून हलव. ही दोन वाजता बहिणीकडून परत येईल, त्याच्या आत. उघडू नकोस आणि कुणाला दाखवू नकोस."

"अरे, पण तू आहेस कुठे?"

"मला जरा साहेबांबरोबर जावं लागतंय," हेडक्लार्क म्हणाला आणि फोन बंद झाला.

साहेब म्हणजे कचेरीतले साहेब, असं चष्मेवाल्यानं धरलं. कुणीही तसंच धरलं असतं. आजोबांना घाईघाईनं जवळच्याच एका चष्म्यात बसवून त्यानं ब्रेकमास्तरला बोलावलं.

ब्रेकमास्तर शिकवणीच्या गाडीतून आला. सतरा वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्याचा उजवा पाय कायमचा धसकला होता. घाबरला की तो पाय जमिनीवर दाणकन आपटे, मग ब्रेक असो वा नसो. कपाटावरून पिशवी काढताना त्यानं पहिल्यांदा पाय आपटला, कारण शेजारच्या गॅलरीतून एक बाई टक लावून बघत होती.

"भावाचं सामान आहे," ब्रेकमास्तर न विचारताच म्हणाला.

"कुणाच्या भावाचं?" बाईंनी विचारलं.

"यांच्या," त्यानं चष्मेवाल्याकडे बोट दाखवलं. त्याच वेळी चष्मेवाल्यानं त्याच्याकडे बोट दाखवलं होतं. बाई आत गेल्या. त्यांनी पोलिसांना फोन केला हे पुढे कळलं.

दुकानात परत येऊन त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि पिशवी मागच्या खोलीतल्या टेबलावर ठेवली. आत काय असेल याबद्दल चष्मेवाल्याचं मत असं की पत्रं असणार.

"प्रेमपत्रं? याला?" ब्रेकमास्तर म्हणाला. "त्याला साधं रजेच्या अर्जातसुद्धा चार ओळी लिहिताना घाम फुटतो."

हवेसाठी म्हणून चष्मेवाल्यानं पंखा लावला, करमणुकीसाठी म्हणून रेडिओ लावला. रेडिओवर बातम्या चालू होत्या. पाणीपुरवठा कचेरीच्या तळघरातल्या दप्तरखान्यात सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मोठा स्फोट झाला. कुणाला इजा नाही. घातपाताचा संशय. कचेरीतल्याच एका हेडक्लार्कला चौकशीसाठी ताब्यात घेण्यात आलं आहे.

दोघांनी एकदमच पिशवीकडे पाहिलं.

"ते साहेब…" चष्मेवाला म्हणाला.

"ते साहेब हे साहेब नव्हेत," ब्रेकमास्तर म्हणाला. "ते साहेब पोलिसांतले साहेब होते!"

"शक्य नाही. तो माणूस झुरळ मारत नाही. कागदावर घेऊन गटारापर्यंत पोचवतो."

"मग पंखा बंद कर."

"पंखा कशाला?"

"कर म्हणतो ना!"

पंखा थांबला, रेडिओ थांबला, आणि त्या शांततेत पिशवीच्या पोटातून स्पष्ट आवाज आला. टिक, टिक, टिक.

ब्रेकमास्तरचा पाय जमिनीवर इतक्या जोरात आपटला की फळीवरच्या चार काचा खाली आल्या. पळावं तर बाहेर रस्त्यावर माणसं, ठेवावं तर आत आपण. अशा वेळी माणसाला कुठूनतरी ऐकलेलं ज्ञान आठवतं. ब्रेकमास्तरला आठवलं की बाँब पाण्यात टाकला की विझतो. कुणी सांगितलं होतं, हे मात्र आठवलं नाही. काचा धुवायची मोठी बादली कोपऱ्यात भरलेलीच होती. दोघांनी डोळे मिटले, पिशवीचा एकेक बंद धरला आणि ती बादलीत सोडली. वरून झाकण ठेवलं, झाकणावर पाटा ठेवावा तशी चष्म्यांच्या जुन्या चौकटींची पेटी ठेवली.

"आता पोलिसांना सांगू," चष्मेवाला म्हणाला.

"सांगू. पण आधी पाणी पिऊ."

पाणी पिऊन होईपर्यंत पोलिसच आले. एक तपास अधिकारी आणि त्याच्या मागे दोन शिपाई. अधिकारी शांत, जाडजूड आणि अतिशय सभ्य होता, त्यामुळे अधिकच भीती वाटत होती.

"हेडक्लार्कच्या घरातून तुम्ही दोघांनी एक पिशवी आणलीत. कुठे आहे?"

आता इथे खरं बोलायचं, असं दोघांचं ठरलंच होतं. पण तोंड ही वस्तू ऐन वेळी कुणाचंच ऐकत नाही.

"कुठली पिशवी?" ब्रेकमास्तर म्हणाला.

"निळी."

"आम्हाला रंग नीट कळत नाहीत," चष्मेवाला म्हणाला. भिंतीवर 'रंगांधळेपणाची तपासणी करून मिळेल' अशी पाटी होती. अधिकाऱ्यानं ती वाचली. मग चष्मेवाल्याकडे पाहिलं. चष्मेवाला हळूहळू सरकत बादलीसमोर उभा राहिला.

नेमकी तेव्हाच बादली वाजायला लागली.

गजराच्या घड्याळाचा आवाज पाण्याखालून कसा येतो, हे फार थोड्यांनी ऐकलं असेल. कुणीतरी चूळ भरता भरता किंचाळावं तसा तो येतो. झाकण थडथडलं, चौकटींची पेटी नाचू लागली. दोन्ही शिपाई टेबलाखाली गेले. अधिकारी तपासणीच्या खुर्चीमागे बसला. ब्रेकमास्तर जमिनीवर पालथा पडून दोन्ही पायांनी ब्रेक दाबत होता. गजर चावी संपेपर्यंत वाजला आणि गुळगुळ करत मेला.

कुणाला काही झालं नाही. पण अधिकारी उठला तेव्हा त्याच्या सभ्यपणाची इस्त्री मोडलेली होती.

"उचला या दोघांना," तो म्हणाला. "बादलीसकट."

ठाण्यात पिशवी उघडली गेली. आत एक चावीचं घड्याळ आणि पाच वह्या होत्या. वह्या शाईनं लिहिलेल्या, म्हणजे आता निळ्या रंगाचा लगदा. एका वहीतलं बॉलपेननं लिहिलेलं एकच वाक्य तेवढं तगलं होतं. अधिकाऱ्यानं ते मोठ्यानं वाचलं, "'जळती काडी तोंडाशी नेताच फट् असा आवाज होतो.'" त्यानं कागद खाली ठेवला. "हा कशाचा पाठ आहे?"

चष्मेवाल्यानं वाकून ते वाक्य पुन्हा वाचलं. बारा वर्षं ज्याच्या शेजारून चाललो, तो असलं लिहीत होता?

"पुरावा दडवणं, पुरावा नष्ट करणं, तपासात खोटं बोलणं," अधिकारी बोटांवर मोजत म्हणाला. "तुमचा मित्र आज कचेरीत नव्हता. आत्या वारली म्हणून रजा घेतली. स्फोटाची बातमी ऐकून ती आत्या स्वतः भाच्याला बघायला कचेरीत आली. घरी सांगितलंय, कचेरीत जातो. मग अकरा वीसला होता कुठे? तोंड उघडत नाही."

हेडक्लार्कला आणलं गेलं. त्याचा चेहरा धुतलेल्या वहीसारखा झाला होता. अधिकाऱ्यानं विचारलं, "शेवटचं विचारतो. कुठे होतात?"

"साहेब, जन्मठेप द्या, पण ते विचारू नका."

"अरे, सांग की बाबा!" ब्रेकमास्तर ओरडला. "तुझ्यापायी आम्ही बादलीसकट आत आलोय!"

"पिशवी पाण्यात बुडवलीत?" हेडक्लार्कनं वाकून लगद्याकडे पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझं सगळं वर्ष होतं रे त्यात."

तेवढ्यात वहिनी, म्हणजे हेडक्लार्कची बायको, आल्या. शेजारणीनं त्यांना सगळं तिखटमीठ लावून सांगितलं होतं. तरी त्या रडत नव्हत्या. घरी शिकवण्या घेऊन घेऊन त्यांना गोंधळात आवाज न चढवता बोलायची सवय झाली होती.

"हे पदवीधर माणूस आहेत," त्या अधिकाऱ्याला म्हणाल्या. "आमचं लग्न ठरताना माझ्या सासऱ्यांनी स्वतः सांगितलं होतं. शिकलेला माणूस असलं काही करणार नाही."

हे ऐकून हेडक्लार्कनं खाली मान घातली, ती वर केलीच नाही.

"मग हे काय?" अधिकाऱ्यानं एक चिमुकली चिठ्ठी पुढे केली. "यांच्या डाव्या मोज्यात सापडली. सांकेतिक भाषा आहे. आमचा माणूस तीन तास डोकं फोडतोय."

वहिनींनी चिठ्ठी उजेडात धरली. भुवया वर गेल्या. मग खाली आल्या, आणि पुन्हा वर गेल्या त्या तिथेच राहिल्या.

"ही सांकेतिक भाषा नाही. वर्गसमीकरणं आहेत. आणि तिन्ही चुकली आहेत." त्या नवऱ्याकडे वळल्या. "आज शालान्त परीक्षेचा बीजगणिताचा पेपर होता. माझी सोळा मुलं बसली होती. अकराला सुरू झाला. तुम्ही कुठे होता?"

बादलीतून पाणी ठिबकत होतं.

"खोली क्रमांक सात," हेडक्लार्क म्हणाला. "खिडकीकडचं तिसरं बाक."

"कशाला?"

"बसलो होतो. परीक्षेला."

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. शाळा नववीनंतर सुटली होती. नोकरीला लागताना कुणी प्रमाणपत्र मागितलं नव्हतं, वडिलांनी लग्नात एक थाप मारली, आणि ती बावीस वर्षं निभावली. यंदा नवे साहेब आले आणि सगळ्यांची प्रमाणपत्रं मागितली. पुस्तकं घरात दिसली असती म्हणून त्यानं वाचनालयात बसून ती अख्खीच्या अख्खी वह्यांत उतरवली होती. घड्याळ लावून पेपर सोडवायचा सराव केला होता. फट् असा आवाज हायड्रोजनचा होता.

वहिनी खुर्चीत बसल्या. "बाँबचं मी एकवेळ समजून घेतलं असतं," त्या म्हणाल्या. "पण समोरच्या खोलीत मी रोज बीजगणित शिकवत होते हो!"

"मी दाराआडून ऐकायचो. पण तू फार भरभर शिकवतेस."



अधिकाऱ्यानं परीक्षाकेंद्राला फोन लावला. केंद्रप्रमुखांनी नोंदवही पाहून सांगितलं की सात नंबरच्या खोलीतला एक प्रौढ परीक्षार्थी अकरा वाजून सतरा मिनिटांनी उजव्या मोज्यातल्या चिठ्ठीवरून कॉपी करताना सापडला, आणि बारापर्यंत तो त्यांच्यासमोर उभा राहून माफी मागत होता. अधिकाऱ्यानं फोन ठेवला, तोच दुसरा वाजला. तो कचेरीच्या तळघरातून होता. तो ऐकताना अधिकाऱ्याचं तोंड जे उघडलं, ते मिटायला वेळ लागला.

"बाँब नव्हता," तो शेवटी म्हणाला. "आग विझवायचं नळकांडं फुटलं. कित्येक वर्षं कुणी तपासलं नव्हतं." मग हेडक्लार्ककडे बघून, "तुम्ही जाऊ शकता."

"चला!" ब्रेकमास्तर उठला.

"तुम्ही दोघं बसा."

"पण साहेब, बाँबच नव्हता!"

"तुम्हाला तर तो आहे असं वाटत होतं ना? आहे असं वाटत असताना बुडवलात, आणि मला विचारलंत, कुठली पिशवी? स्फोटाचा गुन्हा मिटला. तुमचा लिहून झालाय." अधिकाऱ्यानं जाड रजिस्टरवर हात ठेवला. "कुणी प्रतिष्ठित माणूस जामीन राहत असेल तर घरी जा. तारखेला या."

चष्मेवाल्याला आणि ब्रेकमास्तरला सकाळपासून अनेक धक्के बसले होते, पण बाँबवाला सुटतो आणि बादलीवाले अडकतात, हा धक्का पचेना.

"मी राहतो," हेडक्लार्क म्हणाला.

दुपारपर्यंत जो आरोपी होता, तो आता प्रतिष्ठित माणूस म्हणून टेबलापाशी बसला. जामीनपत्रावर त्यानं वळणदार अक्षरात नाव लिहिलं, पत्ता लिहिला, वय लिहिलं, नोकरी लिहिली. पुढचा रकाना शिक्षणाचा होता. पेन तिथे थांबलं. ठाण्यातली सगळी माणसं त्या पेनाकडे बघत होती.

त्यानं एकदा बायकोकडे पाहिलं आणि लिहिलं, 'नववी पास'.

वहिनींनी वाकून ते वाचलं. पर्समधून रुमाल काढला, नाक पुसलं.

"उद्यापासून सहाच्या बॅचला बसायचं," त्या म्हणाल्या. "हळू शिकवीन."