लालबागेच्या वाटेवरचे नारळ

भाग्यलक्ष्मीनं बाळाच्या डोक्याला टोपडं बांधलं, त्याला दुपट्यात गुंडाळलं, लंगोटांची पिशवी खांद्याला अडकवली, चप्पल पायांत सरकवली, आणि नेमक्या त्याच वेळी आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "थेट लालबागेतच जाणार की काय?"

झालं. दिवसाचं वाटोळं व्हायला एवढा एक प्रश्न पुरला.

अजितचा जन्म झाल्यापासून भाग्यलक्ष्मीनं बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या त्या दोन खोल्या, मागची गॅलरी आणि डॉक्टरांचा दवाखाना यापलीकडे जग पाहिलं नव्हतं. तिची तक्रार नव्हती. बाळ गोड होतं, रडायचं तेही सुरात. पण ऑगस्ट लागला आणि तिचा जीव वरखाली व्हायला लागला. लालबागेतलं फुलांचं प्रदर्शन तिनं आजवर एकदाही चुकवलं नव्हतं. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलं, दहावीच्या वर्षी पाहिलं, लग्नाच्या वर्षी हातावरची मेंदी उतरायच्या आत पाहिलं. यंदा तिथल्या काचघरात फुलांचं जहाज केलं होतं म्हणे. खालच्या मजल्यावरची भव्या दोनदा बघून आली होती आणि कपडे वाळत घालताना रोज त्या जहाजाचं वर्णन करून भाग्यलक्ष्मीचा जीव खात होती. शिडं शेवंतीची, नांगर झेंडूचा. आज रविवार, प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. संध्याकाळी तिकिटं बंद झाली की जहाज बुडालं.

"मला दुसरं काही नको," तिनं नवऱ्याला आठवडाभर आधीच बजावून ठेवलं होतं. "साडी नको, हॉटेल नको. जहाज दाखवा." वेणुगोपाल 'सरी' म्हणाला होता, म्हणजे कानडीत 'बरं'. तो सगळ्यांनाच 'सरी' म्हणायचा, हीच तर त्याची खोड होती.

आताही त्यानं आईला 'सरी' म्हटलंच. कस्तुराबाईंचा मुद्दा असा, की बाळाचं पहिलंच बाहेर पडणं आहे. आधी घरातल्या थोरांच्या पायांवर घालायचं, मग झाडाझुडपांना दाखवायचं. नाहीतर बनशंकरीची तुंगाबाई उद्या विचारील, आम्ही काय मेलो होतो? गुडघा धरलाय म्हणून, नाहीतर त्या स्वतःच बरोबर आल्या असत्या. भाग्यलक्ष्मीला त्या गुडघ्याचे मनोमन आभार मानावेसे वाटले.

"पाच मिनिटं गं," वेणुगोपाल जिना उतरताना म्हणाला. "काकूला बाळ दाखवायचं, मागं फिरायचं. दुपार अख्खी आपलीच."

वेणुगोपालची पाच मिनिटं भाग्यलक्ष्मीला ठाऊक होती. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी तो पाच मिनिटांत येतो म्हणून कढीपत्ता आणायला गेला, तो दिवेलागणीला परत आला, तेही कढीपत्त्याशिवाय. पण नवऱ्याशी जिन्यात भांडायचं नाही, एवढं तिला माहेरून शिकवलेलं होतं. घरात भांडायला हरकत नव्हती.

बनशंकरीला जायचा रस्ता लालबागेच्या मोठ्या फाटकावरूनच जातो, याला काय म्हणावं? स्कूटर फाटकासमोर गर्दीत रेंगाळली. फुगेवाले, मीठ-तिखट लावलेल्या काकड्या, कुंड्या छातीशी धरून बाहेर येणारी माणसं. भाग्यलक्ष्मीनं हातातोंडाशी आलेला घास बघावा तसं ते सगळं बघून घेतलं, आणि मग चक्क मान फिरवून बसली.

तुंगाबाई काकू दारातच उभ्या होत्या. अंगावर म्हैसूर सिल्क, डोक्यात गजरा, काखेला पर्स. मागं विठ्ठलराव काका इस्त्रीच्या सफारीत, बुटांना आरशासारखं पॉलिश. भाग्यलक्ष्मीला भरूनच आलं. सासूबाईंनी फोन करून कळवलं असणार, आणि बाळासाठी म्हाताऱ्यांनी केवढा हा थाट केलाय. तरी रीत म्हणून तिनं विचारलं, कुठं निघाला होता का काकू?

"छे गं. आम्ही कुठं जाणार?" काकूंनी पर्स हळूच दारामागं ठेवली. "थांबा तिथंच. उंबरा ओलांडू नका. पहिल्यांदा येतंय बाळ."

पहिल्यांदा घरी आलेल्या बाळावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा. पण काकूंच्या घरी त्या दिवशी ना भाकरी होती ना चपाती. दुसरं कुणी असतं तर बिस्किटावर भागवलं असतं. काकूंनी सिल्कचा पदर खोचला, कणीक भिजवली, एक चपाती लाटून भाजली, आणि तिचा एवढासा तुकडा मोडून बाळावरून ओवाळून टाकला. तोवर हे तिघं उंबऱ्याबाहेर, आणि काका आतून त्यांच्याकडं बघून हसतायत.

मग ओटीला नारळ सापडेना. काका वरच्या मजल्यावर घरमालकिणीकडं मागायला गेले. ती बाई नारळ घेऊन स्वतःच खाली आली, 'अय्यो, मगू' म्हणत बाळाचे गाल ओढले, आणि मगू आपल्याही घरात पहिल्यांदाच आलंय, तेव्हा स्वल्प वर येऊन जा म्हणाली. वर गेल्यावर तिचाही नारळ आला. मधल्या वेळात बाळानं काकांच्या मांडीवर आपला मान वसूल केला. सफारीची पँट गुडघ्यापर्यंत भिजली. काका हसत हसतच उठले, पण आत जाऊन त्यांनी कपाटाचं दार जरा जोरानंच आपटलं असं भाग्यलक्ष्मीला वाटलं.

बाळंतीण बाई रिकाम्या पोटी कशी जाणार, म्हणून उप्पिट्टू आलं. ते तिनं जीभ भाजून घेत गिळलं. गिळताना भिंतीवरच्या घड्याळाकडं तिची नजर गेली, तर काकूही तिकडंच बघत होत्या. दोघींची नजरानजर झाली आणि दोघीही उगाच हसल्या.

निघताना काकूंनी घात केला. वेणुगोपालला म्हणाल्या, आमच्याकडं येऊन बसवनगुडीला व्यंकोजीकडं नाही गेलात, तर तुझा मामा वर्षभर तोंड दाखवणार नाही. तुमची अडचण नको, मीच फोन करून ठेवते. आणि भाग्यलक्ष्मी नको म्हणायच्या आत त्यांनी नंबर फिरवलासुद्धा.

"सरी," वेणुगोपाल म्हणाला. "वाटेवरच आहे. पाच मिनिटं."

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथं नुसत्या फुलं बघण्याला ती आली होती. दोन नारळ, खण, तांदूळ असं सगळं भरून पिशवी स्कूटरवर पायांजवळ ठेवली होती. बसवनगुडीच्या चढावर तिचा बंद तुटला. एक नारळ ब्रेकखाली जाऊन बसला, तो वेणुगोपालनं लाथेनं सोडवला. दुसऱ्यानं रस्त्यावर उडी घेतली आणि उतारानं तो आल्या वाटेनं घरंगळत निघाला.

"जाऊ दे ना त्याला," भाग्यलक्ष्मी कळवळून म्हणाली.

"ओटीचा नारळ रस्त्यावर टाकतात का?" म्हणत वेणुगोपाल स्कूटर स्टँडला लावून उताराला धावला. ती बाळाला घेऊन रस्त्याकडेला उभी राहिली. ज्या माणसाला बायकोच्या जहाजाची फिकीर नाही, त्याला नारळाची केवढी! तिला रागानं रडू यायला लागलं. नवरा घामाघूम होऊन परतला, नारळ बाळासारखा छातीशी धरून.

व्यंकोजीमामा दाराशीच होते. हातात किल्ली, गळ्यात कॅमेरा. कुलपाला तेल घालत होतो, फार जाम झालंय, असं त्यांनी कुणी न विचारताच सांगितलं. मामी मोगऱ्याचा भला मोठा गजरा माळून आतून आल्या, आणि बाळाला बघून त्यांच्या तोंडावर हसू यायला जरासा वेळ लागला. पण आलं. इथं भाकरी होती, नारळही होता. भाग्यलक्ष्मीच्या मनात आशेला पालवी फुटली.

तेवढ्यात मामांचं लक्ष गळ्यातल्या कॅमेऱ्याकडं गेलं. "आत्ताच नवा रोल घातलाय," ते म्हणाले आणि मग ओशाळून थांबले. पण आता बाळाचा फोटो न काढून कसं चालेल? मग बाळ आणि मामा, बाळ आणि मामी, बाळ आणि तुळस, बाळ एकटंच, बाळाचं दुपटं नीट करून पुन्हा. मामा दर फोटोला 'हा शेवटचा' म्हणत होते आणि वेणुगोपाल दर वेळी 'अजून एक काढा की मामा' म्हणत होता. रोल संपला तेव्हा मामांनी कॅमेऱ्याकडं असं बघितलं की कुणी गेलंय असं वाटावं.

आणि मग बाळ झोपलं. मामींच्या पाळण्यात, पंख्याच्या वाऱ्याखाली, जन्मभर उठायचं नाही अशा बेतानं झोपलं. झोपलेल्या बाळाला उठवू नये, असं मामी म्हणाल्या खऱ्या, पण म्हणताना त्यांचा आवाज मेल्यासारखा झाला होता. चौघं पाळण्याभोवती बसून राहिली. भाग्यलक्ष्मीनं दोनदा खाकरून बघितलं. मामांना एकाएकी खिडकी उघडमीट करून बघावीशी वाटली. मामींच्या हातून स्वयंपाकघरात ताट पडलं. उचललं आणि परत पडलं. भाग्यलक्ष्मीनं मनातल्या मनात त्या धांदरट माऊलीला दुवा दिला. दुसऱ्या ताटाला अजितनं एक डोळा उघडला, आणि त्याचा दुसरा उघडायच्या आत ती त्याला उचलून उंबऱ्याबाहेर पडलीसुद्धा.

लालबागेचं पश्चिमेचं फाटक तिथून हाकेच्या अंतरावर. तिथं पोचले, तर तिकिटाची खिडकी बंद. माणसं बाहेर पडत होती, आत कुणालाच सोडत नव्हते. फाटकाशी खाकी कपड्यांतला पांढऱ्या मिशांचा रखवालदार खुर्चीवर बसला होता. "क्लोज आयतु अम्मा," तो म्हणाला. वेणुगोपालनं त्याला दोनदा विचारलं, तो दोनदा तेच म्हणाला.

भाग्यलक्ष्मी फाटकाजवळच्या कट्ट्यावर मटकन बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आतल्या झाडांचे शेंडे दिसत होते. काचघर दिसत नव्हतं.

"जानेवारीत परत असतं की गं," वेणुगोपाल म्हणाला. "तेव्हा थेट इथंच येऊ."

"तेव्हा तुमच्या आईचा दुसरा गुडघा दुखेल, आणि आणखी चार नातेवाईक निघतील," ती म्हणाली. "तुम्ही नारळच आणा. माझ्याशी बोलू नका."

एवढ्यात एक रिक्षा कचकन थांबली आणि तिच्यातून तुंगाबाई काकू उतरल्या. मागून विठ्ठलराव काका. वर सफारीचा शर्ट, खाली भलत्याच रंगाची पँट, पायांत तेच लखलखीत बूट. ती दोघं खिडकीकडं धावली आणि कट्ट्यावर बाळ बघून जागच्या जागी थिजली. कुणी काही बोलायच्या आत कोपऱ्यावरून व्यंकोजीमामा लगालगा येताना दिसले, मामी गजरा सावरत मागं. मामांच्या गळ्यात कॅमेरा अजून होता, सवयीनं.

थोडा वेळ सगळे एकमेकांच्या कपड्यांकडं बघत राहिले.

"म्हणजे तुम्ही," भाग्यलक्ष्मी सावकाश म्हणाली, "इथंच यायला निघाला होता?"

काकूंनी खालमानेनं कबूल केलं. मामींनी तर सगळंच ओकलं: कुलूप लावून झालं होतं, किल्ली पर्समध्ये टाकलेली, तेवढ्यात आत फोन वाजला, तुंगाअक्कांचा, की बाळ निघालंय तुमच्याकडं. तुंगाअक्कांना तेव्हा आपण लालबागेला निघालोय हे सांगता आलं नाही, कारण अक्का तरी कुठं सांगत होत्या?

"मग मला सांगायचं की काकू," भाग्यलक्ष्मीला हसावं की रडावं कळेना. "आपण सगळेच आलो असतो. माझा जीव तिथं घड्याळात अडकला होता."

"दारात पहिल्यांदा बाळ आलंय, आणि त्याला सांगायचं, आम्ही बाहेर चाललोय?" काकू म्हणाल्या. "तू तरी कुठं सांगितलंस?"

भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. त्या भिडेनंच सगळ्या गोतावळ्याला फाटकाबाहेर रांगेनं बसवलं होतं. काका वेणुगोपालकडं रोखून बघत होते, मामा रिकाम्या कॅमेऱ्याकडं. वेणुगोपाल बंद तुटलेली पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभा होता.

तुंगाबाई काकूंनी भाग्यलक्ष्मीच्या ओल्या डोळ्यांकडं एकदा बघितलं, आणि पदर खोचला. बाळाला तिच्या हातून घेतलं, तशाच त्या रखवालदारासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि खणखणीत कन्नडमध्ये म्हणाल्या, की हे बाळ आज पहिल्यांदा तुमच्या दारात आलंय. तुम्ही त्याला दारातूनच परत पाठवणार?

रखवालदार खुर्चीवरून उठला. त्यानं बाळाकडं बघितलं, बंद खिडकीकडं बघितलं, मिशीवरून हात फिरवला. तोही बंगळूरचाच, नातवंडांचा आजोबा असणार. पहिल्यांदा आलेल्या बाळाला दारातून परत पाठवायची छाती त्याला तरी कुठून असणार? त्यानं फाटकाचं लहान दार उघडलं, आणि जवळच्या ढिगातून एक शेवंतीचं फूल उचलून बाळाच्या दुपट्यात खोचलं.

भाग्यलक्ष्मी बाळाला घेऊन आत गेली. मागोमाग सगळे सरसावले, तसा त्यानं हात आडवा केला. मगू आणि मगूची आई, बस. बाकीचे काय पहिल्यांदा आलेत?

आत वाट मोकळी होती. झाडांमागं काचघराचे दिवे अजून लागलेले होते, आणि शेवंतीच्या शिडाचं टोक तिला तिथूनच दिसलं. मागून वेणुगोपालनं हाक मारली, किती वेळ लागेल? सगळे उभेच आहेत इथं.

ती वळली. फाटकापलीकडं काका, काकू, मामा, मामी आणि पिशवी कवटाळलेला नवरा, सगळे तिच्याकडं बघत होते.

"पाच मिनिटं," भाग्यलक्ष्मी म्हणाली. ते ऐकून मामींनी गजरा सारखा केला आणि कट्ट्यावर पाय पसरून बसल्या, आणि काकांनी बुटांच्या नाड्या सोडल्या.