तीन कड्यांचे दळवीकाका

दळवीकाका आमची बेल वाजवायचे ते आत येण्यासाठी नाही, आम्हाला पकडण्यासाठी. मी 'कोण आहे?' न विचारता दार उघडलं की संपलंच. "मी चोर असतो तर?" म्हणत दारातच झापायचे, आणि चहाही न घेता शेजारच्या दाराकडे वळायचे.

अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले काका, काकी गेल्यापासून इथे कुळगावात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. त्यांच्या दाराला तीन कड्या. आमच्याही दाराला तीन, कारण उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात नेऊन त्यांनीच मला त्या घ्यायला लावल्या. सिंधी दुकानदार भला माणूस. "काका, घर के लिए एक बस है," म्हणाला.

"साईं, एक तो चोर को भी बस है!" काकांनी त्याला गप्प केलं. त्यातली वरची कडी इतकी घट्ट आहे की माझा नवरा रोज सकाळी तिला शिव्या घालतो.

सोसायटीचा वॉचमन यादव दुपारी खुर्चीत पेंगायला लागला, की काका त्याच्या गळ्यातली शिट्टी काढून आणायचे. संध्याकाळी बिचारा ती मागायला वर यायचा, आणि काका आतून विचारायचे, "कोण आहे? नाव सांगा, काम सांगा!"

मग एक दिवस काकांच्या लघवीतून रक्त गेलं. मूत्रपिंडात कॅन्सरची गाठ निघाली. ते मूत्रपिंड काढलं, तर काही महिन्यांनी फुप्फुसात ठिपके दिसले. मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे मी सोबत गेले. डॉक्टरीणबाई शांतपणे समजावत होत्या. सगळ्या गाठी सारख्या नसतात, म्हणाल्या. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी काढलेल्या गाठीत शिरल्या आहेत का, आणि शिरून गप्प पडल्या आहेत का, ते तपासायचं. त्यावरून आधी कुठलं औषध द्यावं याचा अंदाज येतो.

"म्हणजे वॉचमन जागे आहेत का झोपलेत, ते बघणार," काका म्हणाले.

बाई हसल्या. "तसंच समजा. झोपलेले असतील तर त्यांना जागं करायची इंजेक्शनं आहेत. लागू पडतीलच असं नाही, पण आशा जास्त."

"आणि वॉचमनच नसला तर?"

"तर दुसऱ्या औषधांवर भर द्यायचा. ते अवघड असतं, खोटं नाही सांगत."

बाहेर आल्यावर काका मोठमोठ्याने भांडायला लागले, कुणाशी ते कळेना. "तीन कड्या लावून बसलो गं मी! आणि हा मेला चोर आतच!" मला हसू आलं आणि लगेच रडूही.

रिपोर्टची वाट बघण्याच्या त्या दिवसांत आमची बेल वाजलीच नाही. एका दुपारी मी भाजी घेऊन आले, तर गेटवर यादव घोरतोय आणि काका त्याच्यासमोर नुसते उभे. शिट्टी जागच्या जागी.

"आज काढली नाहीत?" मी विचारलं.

"राहू दे. झोपलेल्याला उठवता तरी येतं, मेधा. खुर्चीच रिकामी असली तर कुणाला उठवायचं?"

आणि ते जिन्याकडे वळले.

रिपोर्ट मिळायच्या आदल्या संध्याकाळी बेल वाजली. आले काका पकडायला, म्हणून मला इतका आनंद झाला की मी आतूनच दरडावलं, "कोण आहे?"

बेल पुन्हा वाजली.

"कोण आहे? नाव सांगा, काम सांगा!"

"मीच गं," बाहेरून आवाज आला. काकांचा वाटूच नये इतका बारीक. "उद्या खुर्ची रिकामी निघाली तर? भीती वाटते. घरात एकटं बसवत नाही. उघड ना."

मी धावले. खालची कडी निघाली, मधली निघाली. वरची काही केल्या निघेना.