आदेशावरून, सचिव

विरारमधल्या चंदनसारच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बसून सुमेध एकाच वेळी तीन गावांतल्या ऑफिसांत कॉम्प्युटर सांभाळायचं काम करत असे, आणि याचं त्याच्या वडिलांना, प्रल्हादरावांना, अपार नवल वाटे. २००८ सालची गोष्ट. सुमेधच्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर तीन-तीन व्हीपीएन एकदम चालू असत. व्हीपीएन म्हणजे इथून थेट त्या ऑफिसात उघडणारा खासगी बोगदा, असं त्यानं वडिलांना समजावलं होतं. एक बोगदा कोल्हापूरला, एक नगरला, एक नाशिकच्या लोणच्याच्या कारखान्यात. प्रल्हादराव खुर्ची ओढून मागे बसत आणि गाभाऱ्यात बोलावं तशा आवाजात विचारत, "आत्ता तू कुठे आहेस?"

नाशिकचा बोगदा त्या शुक्रवारीच जोडला होता. तिथल्या मॅनेजर विनिताबाई कडक. थोडे दिवस काम बघू, आवडलं तर कायमचं देऊ, असं त्यांनी बजावलं होतं. बोगदा लागला तसा सुमेध निवांत जेवायला उठला.

प्रल्हादराव सोसायटीचे सचिव होते. दुसऱ्या दिवशी गच्चीवरची टाकी साफ व्हायची होती. रिकाम्या खुर्चीत बसून त्यांनी टाइप केलं: 'उद्या सकाळी टाकी रिकामी करून साफ करण्यात येईल. सर्वांनी आजच पाणी भरून ठेवावे. आदेशावरून, सचिव.' छापायचं बटण दाबल्यावर त्यांना वाटलं, भाषा मवाळ झाली. मग 'कोणतीही सबब चालणार नाही' हे वाक्य घालून त्यांनी पुन्हा छापलं. शेवटी अक्षरं दुप्पट मोठी करून आणखी एकदा. पडद्यावर दर वेळी 'छापून झाले' असं येत होतं. आतल्या खोलीतल्या प्रिंटरवरचे कागद खाली फळ्यावर लावायला त्यांनी सुनेला, ज्ञानदाला सांगितलं आणि ते आगाशीला एका लग्नाला निघून गेले. ज्ञानदाला प्रिंटरवर एकही कागद दिसला नाही. बाबांनी स्वतःच लावले असतील, असं समजून ती आपल्या कामाला लागली.

शनिवारी सकाळी टाकी रिकामी झाली आणि थोड्याच वेळात दार वाजलं. समोर वरच्या मजल्यावरचे हरिश्चंद्र वर्तक, कमरेला पंचा, डोक्यावर साबणाचा फेस. त्यांच्यामागे जिनाभर बाकीचे. सूचना का लावली नाही, असं सगळे एकदम विचारत होते, आणि प्रल्हादराव गळ्याची शपथ घेऊन सांगत होते की आपण ती एकदा नाही, तीनदा छापली.

मग कागद गेले कुठे, हे पाहायला सुमेध कॉम्प्युटरपाशी गेला. घरच्या प्रिंटरचा नेटवर्कवरचा जो नंबर, नेमका तोच नाशिकच्या प्रिंटरचा होता. फ्लॅट नंबर एक जसा प्रत्येक बिल्डिंगीत असतो, तसाच हा प्रकार. बोगद्यानं दोन बिल्डिंगी जोडल्या गेल्या आणि कागद भलत्याच बिल्डिंगीतल्या फ्लॅटला पोचले. काम हातचं गेलं, असं त्याच्या मनात येतंय तोच विनिताबाईंचा फोन वाजला.

"विरारला बसून तुम्हाला आमच्या टाकीच्या आतलं दिसतं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

त्यांच्या लोकांना 'सचिव' म्हणजे मुंबईच्या हेड ऑफिसातले कंपनीचे सचिव वाटले होते. त्यात अक्षरं एवढी मोठी. घाबरून त्यांनी आज सकाळी टाकी उपसली, तर तळाशी दोन मेलेली कबुतरं. सोमवारी कैऱ्यांचा ट्रक येणार होता. सगळ्या कैऱ्या त्याच पाण्यात धुतल्या गेल्या असत्या. बाईंनी मुंबईला फोन केला, तर सचिवांनी काहीच पाठवलेलं नव्हतं. बाहेरून आत येऊ शकणारा माणूस एकच, सुमेध.

खोटं बोलायचा मोह त्याला झाला. पण त्यानं नंबरापासून वडिलांपर्यंत सगळं सांगून टाकलं.

"तो घोटाळा आजच्या आज दुरुस्त करा," बाई म्हणाल्या. "काम तुमचंच. आणि बाबांना जरा फोन द्या."

प्रल्हादराव फोनवर नुसतं "हो, हो" करत होते. फोन ठेवून ते दारातल्या गर्दीकडे वळले. नाशिकच्या कारखान्यात आपली सूचना वाचून टाकी साफ झाली, एवढंच ते म्हणाले.

वर्तकांच्या डोक्यावरचा फेस एव्हाना सुकत आला होता.

"सूचना वाचून?" त्यांनी हळूच विचारलं. "म्हणजे, लोकांनी ती खरंच पाळली?"

"पाळली."

इथे छापलेले कागद दुसऱ्या गावात निघतात, हे जिन्यातल्या सगळ्यांना पटलं होतं. हे मात्र डोक्याच्या पलीकडचं होतं.