आधी समजावून सांगा, मग बांधतो

धुरीकाकांच्या दुकानात पीएचडीचा प्रबंध बाइंडिंगला दिला, की तो आधी त्यांना समजावून सांगावा लागायचा. समोरचा कितीही घाईत असो, सबमिशनची शेवटची तारीख उद्यावर आलेली असो, काका शांतपणे स्टूल पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, "आदी माका सांग, मगे बांधतंय." तो बिचारा सांगायला लागला, की दर दोन वाक्यांनी यांचं सुरू, "बरां, मगे?"

दुकान आमच्या भांडुपच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर आहे आणि काका राहतात दुसऱ्या मजल्यावर, माझ्या दारासमोर. मी त्यांच्या तावडीत सापडले ती सोसायटीची सेक्रेटरी म्हणून. स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट स्पायरल करून हवा होता. काकांनी तो हातात धरला आणि विचारलं, "बाये, ह्यात काय लिवलेलां आसा?" मी बीम, कॉलम, गंजलेल्या सळ्या असं बरंच काही सांगितलं. काका म्हणाले, "बरां, मगे? बिल्डिंग पडतली काय नाय पडतली?" रिपोर्टात तेवढं सोडून बाकी सगळं होतं.

जवळपास मोठमोठ्या संस्था असल्यामुळे काकांच्या स्टुलावर सगळ्या शास्त्रांनी हजेरी लावलेली आहे. एक तरुण डॉक्टर मधुमेही माणसाच्या पायाच्या जखमांवर काम करून आला. टक्केवारी झाली, तक्ते झाले. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मगे माणूस बरो झालो काय?"

"काका, तसं थेट नाही म्हणता येत. फरक दिसला, पण पेशंट कमी होते ना."

"म्हणजे झालो की नाय झालो?"

डॉक्टर शेवटी "थोडा झाला" म्हणाला, तेव्हा कुठे खळीची बादली पुढे आली.

टोमॅटोचे भाव का चढतात, यावर अर्थशास्त्राची एक मुलगी दुपारभर बोलत होती. पाऊस, ट्रक, दलाल, शीतगृह. सगळं संपल्यावर काकांनी तिच्यासाठी चहा मागवला आणि प्रेमाने म्हणाले, "तुका पण नक्की ठावक नाय, होय ना?" मुलगी आधी रागावली, मग हसत सुटली. आकाशातल्या ताऱ्यांवर काम करणाऱ्या मुलावर मात्र काका इतके खूश झाले, की त्याचा प्रबंध त्यांनी आपल्या मनाने गडद निळ्या रेक्झिनमध्ये बांधला. आकाशाचो रंग! विद्यापीठाचा नियम काळ्याचा होता. पोरगा दुसऱ्या दिवशी सगळ्या प्रती घेऊन परत आला, तेव्हा काकांनी त्या निमूटपणे पुन्हा बांधून दिल्या, पण आठवडाभर विद्यापीठावर रुसून होते.

हा सगळा खटाटोप काका स्वतःसाठी करत नव्हते. ते शिकले जेमतेम. वडील गिरणीत होते, संप झाला, आणि हे कोवळ्या वयात बाइंडिंगच्या कामाला लागले. ऐकायचं होतं ते शालिनीकाकूंना. काकू महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. मुलांना गच्चीवर नेऊन ग्रहण दाखवायच्या, बेडकापासून बॅटरीपर्यंत कशावरही तास तास बोलायच्या. मधुमेहाने त्यांची नजर गेली आणि वाचन सुटलं. भाचीने मोबाइलमध्ये पुस्तकं वाचून दाखवणारं काहीतरी घालून दिलं होतं. काकूंनी दोन दिवस ऐकलं आणि म्हणाल्या, "बंद कर गं. हा बाबा मृत्यूची बातमी आणि वांग्याचं भरीत एकाच सुरात वाचतो."

तेव्हापासून काका रोज संध्याकाळी दुकान बंद करून वर जातात, चहा टाकतात आणि आज आलेला प्रबंध काकूंना सांगतात. गिऱ्हाइकांशी मालवणीत बोलणारा हा माणूस बायकोसमोर मात्र जपून शहरी मराठी बोलतो. ती शाळेतली बाई आहे, चूक काढेल, ही भीती लग्नापासूनची. आणि काढायच्याही. एकदा काका पुलांच्या कंपनांवरचा प्रबंध रंगात येऊन सांगत होते. ट्रक गेला की पूल कसा थरथरतो वगैरे. मध्येच म्हणाले, "आणि मग त्याच्या मूत्रपिंडावर ताण येतो."

"अहो, पुलाला मूत्रपिंड कुठून आलं?"

किडनीवरचा प्रबंधही त्याच दिवशी बांधला होता, हे आठवून काका चहा तसाच टाकून खाली पळाले. पुलाच्या प्रबंधात किडनीच्या आजाराचं एक अख्खं प्रकरण शिवलं गेलं होतं, आणि किडनीवाल्याच्या प्रबंधात अर्थातच पूल. दोघेही प्रती घेऊन गेलेले. काका रिक्षा करून दोघांच्या हॉस्टेलवर जाऊन सगळं परत घेऊन आले. दोघांपैकी कोणीही अजून आपला प्रबंध उघडून पाहिलेला नव्हता.

मग संस्थांनी छापील प्रती मागणं बंद केलं. फाइल अपलोड करा, झालं. आधी प्रबंध कमी झाले, मग थांबलेच. शाळेची प्रोजेक्टं आणि सोसायट्यांचे अहवाल तेवढे येत राहिले. पुतण्या मागे लागला, की काका, दुकान द्या, मोबाइल कव्हरवाला तयार आहे, तुम्ही आता आराम करा. बिल्डिंगमधल्या आम्ही सगळ्यांनी त्याचीच री ओढली. काका ऐकून घ्यायचे आणि सकाळी शटर वर करायचे. एकदा मी जरा जोरात बोलले, तर म्हणाले, "बाये, दुकान बंद केलंय तर वर जावन हिका काय सांगू?"

मला वाटत होतं, आता हे वर जाऊन काय सांगत असतील? काही नाही म्हणत असतील, बिचारे. परवा संध्याकाळी घावन घेऊन गेले, तर काका ऐन भरात होते. "चेंबूरची मुलगी होती. तिने तळ्यातल्या जलपर्णीवर काम केलंय. सरकारने तिचं ऐकलं, लोकांनी ऐकलं, तळं एकदम स्वच्छ! आता तिथे पक्षी येतात." काकू मान डोलवत ऐकत होत्या. मी दाराशीच थबकले. दुपारभर मी खालीच होते, वॉचमनशी पाण्याच्या टँकरवरून हुज्जत घालत. दुकानात चिटपाखरूही फिरकलं नव्हतं.

दूध संपलं म्हणून काका पिशवी घेऊन खाली गेले. आम्ही दोघीच उरलो. मी काही बोलायच्या आत काकूच म्हणाल्या, "वर्षा, ती चेंबूरची मुलगी कुणी नाहीये. माहितीये मला."

"काकू..."

"अगं, मी आयुष्यभर पोरांच्या थापा ऐकल्यात. यांची तर पहिल्या दिवशीच पकडली. खरा प्रबंध असला ना, की शेवटी घोळ असतो. फरक दिसला पण थोडा, कारण सापडलं पण नक्की नाही. यांच्या प्रबंधांत सगळे खडखडीत बरे होतात. पूल पडत नाहीत, टोमॅटो स्वस्त होतात." त्या हसल्या. "काय छान जग आहे गं यांचं."

"मग सांगून का नाही टाकत?"

"सांगितलं तर उद्या खाली कशाला उतरतील? इथे माझ्यासमोर बसून राहतील, माझ्याकडे बघत. त्यांना वाटतं मला दिसत नाही, पण ते बघत बसले की मला कळतं." घावनाचा तुकडा मोडता मोडता त्या थांबल्या. "आणि एक सांगू? इतके प्रबंध आणले यांनी, हृदयावर, किडनीवर, सांध्यांवर. डोळ्यांवरचा एकही नाही आणला. तेवढं खोटं त्यांना बोलवत नाही."

मला रडू आलं आणि ते आवाजात कळू नये म्हणून मी उठून कप आत नेऊन ठेवले. तेवढ्यात जिन्यावर काकांच्या चपला वाजल्या. काकूंनी डोळे पुसले, पदर सावरला, आणि काका दारातून आत येतात न येतात तोच शाळेत विचारतात तसं विचारलं, "अहो, ती जलपर्णी काढून टाकली कुठे? कुजली की पुन्हा तळंच घाण व्हायचं. तिने काय केलं त्याचं?"

काका दुधाची पिशवी हातात धरून उभे राहिले.

"ते विचारायचं राहिलं बघ," ते म्हणाले. "उद्या येणार आहे ती. दुकान जरा लवकरच उघडतो."